बंदी नको, दोन ओळी छापा

ऑक्टोबर २०१५ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयानं एका ऑपेराची डीव्हीडी विकायला मनाई केली. फ्रान्सिस पुलँकच्या 'दियालोग दे कार्मेलीत' या ऑपेराचा म्युनिकला झालेला प्रयोग मूळ कृतीचा विपर्यास करतो, सबब त्याचं चित्रीकरण विकायचं नाही आणि मेझो वाहिनीवर दाखवायचंही नाही, असा तो निकाल. दावा लावला होता पुलँकच्या आणि ज्याच्या लेखनावर संहिता बेतली आहे त्या जॉर्ज बर्नानोसच्या वारसांनी. जून २०१७ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल रद्द केला. २०१८ च्या नोव्हेंबरात व्हर्सायच्या न्यायालयानं वारसांची मागणी फेटाळली आणि प्रकरण मिटलं.

शेवटचा निकाल योग्यच लागला. आणि दिग्दर्शकाचं चुकलंच होतं. जुन्या ऑपेरांच्या नव्या मांडणीवर वाद घालणारे या दोनांतलं एकच काहीतरी म्हणतात. मला दोन्ही म्हणायचं आहे.

आधी चूक काय ते सांगतो. १७ जुलै १७९४ रोजी, फ्रेंच राज्यक्रांतीतल्या दहशतीच्या काळात, कॉम्पिएन् इथल्या कार्मेल मठातल्या १६ जणींचा पॅरिसमध्ये शिरच्छेद झाला. पुलँकच्या ऑपेराचा शेवट तिथे होतो. नन 'साल्वे रेजिना' हे मेरीमातेचं स्तोत्र गात एकेक करून गिलोटिनकडे जातात. पातं कोसळल्याचा आवाज पुलँकनं स्वरलेखनातच लिहून ठेवला आहे. तो ठरावीक अंतरानं येत नाही. कधी लगेच येतो, कधी वाट बघायला लावतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला पुढचा घाव कधी पडणार हे कळत नाही. प्रत्येक घावाबरोबर गाणाऱ्यांतला एक गळा कमी होतो. शेवटी तरुण कॉन्स्टान्स एकटी उरते, आणि तेवढ्यात गर्दीतून ब्लांश पुढे येते. जन्मभर भीतीनं पोखरलेली, मठातून पळून गेलेली ब्लांश. कॉन्स्टान्सपाठोपाठ तीही जाते. डोळे मिटून ऐकलं तरी यातलं काही सुटत नाही. विसाव्या शतकातल्या ऑपेरात याहून मोठा शेवट मला माहीत नाही.

दिमित्री चेर्न्याकॉवनं २०१० साली म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑपेरात हे गिलोटिनच काढून टाकलं. रंगमंचावर आजच्या काळातल्या बायका, एक लाकडी खोपटं, आत कोंडलेला गॅस. ब्लांश एकेकीला बाहेर ओढून वाचवते, मग स्वतः आत परत जाते आणि स्फोटात मरते. वाद्यवृंदात पातं कोसळतं तेव्हा रंगमंचावर एक बाई वाचते. गळा थांबला, पण बाई जिवंत आहे.

कल्पना उथळ नाही. एकानं दुसऱ्याच्या वाट्याचं मरण मरावं हा बर्नानोसचाच विषय आहे. मठाची म्हातारी प्रमुख तडफडत, देवावर रागावून मरते, तेव्हा कॉन्स्टान्सला वाटतं की त्यांनी चुकून भलत्याच कुणाचं तरी मरण उचललं असावं. चेर्न्याकॉवनं तो धागा पकडला आणि शेवटपर्यंत ओढला. त्यानं संहिता वाचली आणि नीट वाचली. स्वरलेखनाशी मात्र त्यानं झुंज मांडली, आणि त्या झुंजीत पुलँक जिंकतो. घाव ऐकू येत राहतात आणि डोळ्यांपुढची सुटका खोटी वाटत राहते.

हे मी म्युनिकला जाऊन पाहिलेलं नाही. त्याच डीव्हीडीवर पाहिलं. म्हणून २०१५ च्या निकालाचा मला राग येतो. बंदी चित्रीकरणावर होती. ज्याला म्युनिकचं तिकीट परवडतं त्याचं त्या निकालानं काय बिघडलं? बिघडलं ते घरी बसून बघणाऱ्याचं. ऑपेराचा पूर्ण प्रयोग आपल्याकडे क्वचित होतो. मुंबईकराला निदान एनसीपीए या कलाकेंद्राच्या पडद्यावर न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटनचे प्रयोग बघायला मिळतात. सांगली-जळगावच्या श्रोत्याचं नाट्यगृह म्हणजे डीव्हीडी, ब्लू-रे नाहीतर संगणकावरचं प्रक्षेपण. तेच काढून घेतलं तर त्याला चेर्न्याकॉव बरोबर की पुलँकचे वारस बरोबर, हे ठरवायची सोयच उरत नाही.

चित्रीकरण राहिल्यानं काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण जर्मनीतल्या बायरॉइटच्या वॅग्नर महोत्सवाचं. १९७६ साली वॅग्नरच्या 'रिंग' या चार भागांच्या ऑपेराला शंभर वर्षं झाली, तेव्हा तिथे पात्रिस शेरो या ३१ वर्षांच्या फ्रेंच दिग्दर्शकाला बोलावलं. वाद्यवृंद पिएर बुलेझच्या हाती. शेरोनं देवादिकांची कथा औद्योगिक युगात आणली. ऱ्हाइन नदीच्या जागी धरण उभं केलं आणि जलकन्यांना वेश्या केलं. पहिल्या वर्षी शिट्ट्या, आरडाओरडा, निषेधाची पत्रकं. पण प्रयोग दरवर्षी होत राहिले, सुधारत राहिले. १९७९ आणि १९८० मध्ये ब्रायन लार्जनं चारही भाग चित्रित केले. १९८० च्या शेवटच्या प्रयोगाला टाळ्या तासाभराहून जास्त वेळ वाजत होत्या.

मला त्या चित्रीकरणातला अगदी शेवट दाखवावासा वाटतो. देवांचा महाल जळतो आहे आणि रंगमंचावर साधी माणसं, कामकरी, बाया, पोरं, पाठमोरी उभी राहून आग बघताहेत. मग एकेक जण वळतं आणि आपल्याकडे बघू लागतं. वाद्यवृंदात त्या वेळी सारं संपून काहीतरी नवं उमलत असतं आणि ते कुणासाठी, हा प्रश्न वॅग्नरनं मोकळा सोडला आहे. शेरोनं तो त्या माणसांच्या आणि आपल्या पुढ्यात ठेवला. कपडे बदलले, काळ बदलला, आणि संगीत पूर्वीपेक्षा जास्त ऐकू आलं. आज जो कुणी 'रिंग' बघायला लागतो त्याच्या हाती बहुधा हेच चित्रीकरण पहिल्यांदा येतं. १९७६ च्या शिट्ट्या ऐकून कुणी ते अडवलं असतं तर?

कानांना पटणारी आणखी एक मांडणी म्हणजे पीटर सेलर्सची. (हा अमेरिकन नाट्यदिग्दर्शक, त्याच नावाचा सिनेमातला नट वेगळा.) मोझार्टचा 'डॉन जोवानी' त्यानं न्यू यॉर्कच्या गरीब वस्तीतल्या रस्त्यावर आणला, १९९० मध्ये त्याचं चित्रीकरण झालं. या ऑपेरात मालक आणि नोकर कपड्यांची अदलाबदल करतात आणि सगळे फसतात. एरवी हे प्रेक्षकानं समजून घ्यायचं असतं. सेलर्सनं दोन्ही भूमिका यूजीन आणि हर्बर्ट पेरी या जुळ्या भावांना दिल्या. कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो आणि बघणाऱ्याचीही क्षणभर फसगत होते. शोषण करणारा आणि त्याची धुणी धुणारा यांच्यात फरक तरी किती, हे एकाही शब्दाशिवाय कळतं. पारंपरिक झगे-तलवारीच्या कितीतरी प्रयोगांत हे कधीच कळलेलं नाही.

कॅमेरा नेहमीच असा साथ देतो असं नाही. २००५ साली साल्झबुर्गला विली डेकरनं 'ला त्राव्हियाता' बसवला. रिकामा पांढरा अर्धगोल, एक लाल कोच, आना नेत्रेब्कोचा लाल झगा आणि एक अवाढव्य घड्याळ. डॉक्टर तिथे मृत्यूसारखा वावरतो. नाट्यगृहातल्या माणसाला घड्याळ दिसतं. नायिका व्हायोलेटा हसते तेव्हाही दिसतं. पडद्यावर नेत्रेब्कोचा चेहरा आला की घड्याळ चौकटीबाहेर गेलं. चेहरा विलक्षण आहे, तक्रार त्याबद्दल नाही. पण डेकरचा मुद्दा चेहरा आणि घड्याळ एकत्र दिसण्यात आहे. अशा मांडणीचं चित्रीकरण करणाऱ्यानं लांबून बघण्याची हिंमत ठेवायला हवी. घरचे पडदे आता पुरेसे मोठे आहेत.

जुनं विरुद्ध नवं असे दोन तट पाडणाऱ्यांनी मुंबईत जन्मलेले वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता यांच्याकडे बघावं. १९९२ मध्ये 'तोस्का'चं थेट प्रक्षेपण झालं, ते रोममध्ये कथेतल्याच चर्चमध्ये, कथेतल्याच राजवाड्यात आणि किल्ल्यावर, कथेत दिलेल्या वेळी. वाद्यवृंद मेहतांकडे होता. तेच मेहता पुढे स्पेनमध्ये वालेन्सियाला 'ला फुरा देल्स बाउस' या मंडळीच्या 'रिंग'साठी उभे राहिले. त्यात देव यारींवर चढून हवेत फिरतात आणि जलकन्या पाण्याच्या टाक्यांत गातात. दोन्ही चित्रीकरणं उपलब्ध आहेत. दोन्हीत गाणाऱ्याचा श्वास सांभाळलेला आहे. मला एवढं पुरतं.

पुलँकच्या वारसांची भीती मात्र खोटी नव्हती. 'सौभद्र'चा शेवट कुणी बदलला तर आपल्याला तिथल्या तिथे कळेल, कारण मूळ आपल्या कानात आहे. पुलँक आपल्या कानात नाही. 'कार्मेलीत' पहिल्यांदा बघणारा त्या स्फोटालाच मूळ शेवट समजेल आणि पुलँकला विसंगत ठरवेल. हा अन्याय आहे, आणि त्यावर इलाज अगदी साधा आहे. वेष्टनावर गायकांची नावं असतात, मिनिटं असतात, उपशीर्षकांच्या भाषा असतात. तिथेच दोन ओळी छापा: मूळ ऑपेरात नन गिलोटिनवर जातात आणि ब्लांश शेवटी त्यांच्यात सामील होते, या मांडणीत दिग्दर्शकानं शेवट बदलला आहे. प्रक्षेपणाच्या संकेतस्थळांनी वर्णनात हेच लिहावं. दिग्दर्शकाला यात कमीपणा वाटायचं कारण नाही, आपण काय केलं हे त्याला माहीतच असतं.

तोवर बघणाऱ्यानं एक करावं. म्युनिकच्या चित्रीकरणाचा शेवटचा प्रवेश आधी पडदा झाकून ऐकावा, घाव मोजावेत. मग तोच प्रवेश डोळे उघडे ठेवून बघावा आणि चेर्न्याकॉवशी स्वतः भांडावं.