अंगावर काढलेलं

त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात बसलेला प्रत्येक माणूस शेजारच्याकडे चोरून बघत असतो : याला नेमकं काय झालं असेल? चेहऱ्यावर तेज हवं म्हणून आलेली नवरी मुलगी, मुरुमांनी गांजलेला अकरावीतला मुलगा, आणि कोपऱ्यात भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला एक गृहस्थ. तो मी. मला सोरायसिस आहे.

सोरायसिस म्हणजे त्वचेचा अतिउत्साह. एरवी त्वचेच्या पेशी तळातून वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेतात. माझ्या कोपरांवर तेच काम चार-पाच दिवसांत उरकलं जातं. सरकारी कचेरीत कुणी अशी तत्परता दाखवली असती तर त्याचा सत्कार झाला असता. इथे थरावर थर चढतात, खपल्या सुटतात आणि काळा शर्ट कायमचा कपाटात जातो. रोगप्रतिकारशक्ती बिनकारण चवताळते, एवढंच. शिवाशिवीने हा आजार कुणाला होत नाही.

एवढं व्याख्यान मी लोकलमध्ये उभ्या उभ्या देऊ शकतो, देतोही. त्या बदल्यात करंजाचं तेल, कडुनिंबाचा पाला, 'वांगं बंद करा' आणि 'कधीतरी माशांवर दूध प्यायला असणार' असा प्रसाद मिळतो. अनोळखी माणसाशी अंगावरच्या डागांची चर्चा करायला आपल्याला संकोच वाटत नाही. मात्र फी भरून ज्यांच्यापुढे बसायचं, त्यांनी "कसं काय?" विचारलं की बहुतेकांच्या तोंडून एकच शब्द निघतो, "ठीक."

आमच्या डॉक्टरबाई या 'ठीक'ला भीक घालत नाहीत. त्या दोन मापं घेतात. पहिलं सोपं : रुग्णाचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. माझे डाग जेमतेम तीन तळहातांचे. दुसरं माप म्हणजे एक प्रश्नावली. कार्डिफच्या फिनले आणि खान यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली, दहा प्रश्नांची, मागच्या आठवड्याबद्दल. खाज किती आली, लाज किती वाटली, कपडे निवडताना डागांचा विचार केला का, बाजारात जाणं टाळलं का, जोडीदाराशी अडचण आली का. एकूण गुण तीस. दहाच्या वर गेलात की त्रास मोठा. शाळेत गुण कमी पडायचे म्हणून हळहळलेला माणूस इथे नापास व्हायला धडपडतो. तरी माझे दहाच्या वरच गेले. तीन टक्के कातडी आणि एवढा हिशेब! पहिलं माप बाईंना डोळ्यांनी दिसतं, दुसरं कुणी सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नाही, आणि औषध ठरवताना दोन्ही लागतात.

मग गाठोडं सुटतं. सकाळी बोटं आखडतात, हे त्वचेच्या डॉक्टरला कोण सांगेल? पण सोरायसिस सांध्यांतही उतरतो, म्हणून त्यांना ते आधी हवं असतं. नखांवरचे बारीक खड्डेही त्या भिंगातून बघतात. मेडिकलवाल्याने प्रेमाने दिलेली ट्यूब निघते; तिच्यात कडक स्टिरॉइड असतं, डाग पटकन बसतात, कातडी पातळ होत जाते आणि ट्यूब थांबवली की डाग व्याजासकट परत येतात. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी लिहिण्याआधी "दारू?" असा प्रश्न येतो, कारण दोन्हींचा भार यकृतावर. "क्वचित," असं मी म्हणतो, आणि डॉक्टरबाई माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे बघतात. डाग आणखी कुठे आहेत, हा प्रश्न तर राहिलाच. तेही सांगून झालं. बाईंनी ते 'कोपर'च्या खाली, त्याच अक्षरात लिहून घेतलं.

शेवटी मी खरी अडचण काढली : केस कापायला जायची. डोक्यातल्या खपल्या दिसल्या की कारागिराचा कंगवा हवेतच थांबतो. बाईंनी लेटरहेडवर मराठीत लिहून दिलं, 'हा आजार संसर्गजन्य नाही.' खाली सही, शिक्का.

सलूनवाल्याने चिठ्ठी दोनदा वाचली. मग इकडेतिकडे बघून आपला हात पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत भेगा, लाल झालेल्या. रोजचं साबणपाणी आणि केसांचा डाय.

"काका, याचं पण बाईंना विचारा ना."

"तूच जा की."

"जाईन हो," तो म्हणाला, "पण जाऊन सांगायचं काय?"