डब्यावरचे चौदा दिवस

घरी बिअर बनवायच्या तयार संचांबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती बिअरबद्दल नाही. बिअर चांगली होते. निगा राखली तर पबमधल्या पाइंटशेजारी ठेवायला लाज वाटू नये इतकी चांगली होते. तक्रार आहे ती खोक्यावर छापलेल्या दोन ओळींची आणि झाकणाखाली घडी घालून ठेवलेल्या सूचनांच्या कागदाची. ‘उकळायची गरज नाही’ ही पहिली ओळ. ‘चौदा दिवसांत चाळीस पाइंट’ ही दुसरी. पहिली खरी आहे. दुसरीवर विश्वास ठेवून बादली विकत घेतलेले आणि महिन्याभरात ती बागेतल्या शेडमध्ये टाकून दिलेले लोक इथे इंग्लंडात मला सतत भेटतात, आणि दर वेळी वाईट वाटतं.

पहिल्या ओळीला तिचं श्रेय देऊ. बिअर मुळापासून करायची तर जवाचं माल्ट भरडायचं, ते तासभर 65 ते 67 अंशांच्या पाण्यात ठेवायचं, त्याचा गोड रस गाळून घ्यायचा, हॉप्स घालून आणखी तासभर खळखळ उकळायचा आणि मग झपाट्याने गार करायचा. उकळण्याने जंतू मरतात, हॉप्सचा कडवटपणा रसात उतरतो, नको ते वास वाफेबरोबर निघून जातात. स्वयंपाकघराच्या खिडक्यांवरून पाणी ओघळतं आणि अख्खा शनिवार जातो. संचात हे सगळं कारखान्यात उरकलेलं असतं. हॉप्स घालून उकळलेला रस आटवून दीड-पावणेदोन किलोच्या डब्यात भरलेला असतो. आपण तो गरम पाण्यात विरघळवायचा, गार पाणी घालून 23 लिटर करायचा आणि यीस्ट टाकायचं. लहान फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, तीस लिटरचं पातेलं ठेवायला जागा नसलेल्या माणसाला हा मार्ग मोलाचा आहे. ब्रिटनमध्ये 1963 साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरच्या बिअरसाठी लागणारा परवाना रद्द केला. त्यानंतर हा छंद घराघरांत गेला त्यात या डब्यांचा वाटा मोठा आहे. एके काळी बूट्ससारख्या औषधांच्या दुकानांतही ते मिळत. मुळापासून करणारी मंडळी डबेवाल्यांकडे नाक मुरडून बघतात. ते मला मान्य नाही.

पण वेळ वाचला तो भरडण्या-उकळण्याचा, एका दिवसातले चार-पाच तास. आंबण्याचा एक तासही त्यात वाचलेला नाही. रस आपण उकळला की कारखान्याने, यीस्टला त्याचं सोयरसुतक नसतं. ते आपल्या गतीनेच काम करतं. खोका या दोन वेळांची सरमिसळ करतो, आणि पुढच्या कटकटी तिथून सुरू होतात.

साखरेचंच घ्या. पुढच्या बाजूला लिहिलेलं असतं, फक्त पाणी घाला. तळाशी, बारकोडच्या शेजारी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की एक किलो साखर लागेल, ती आत नाही. हे कळतं तेव्हा डबा फोडलेला असतो. रविवारी संध्याकाळी इथली मोठी दुकानं चार-पाचलाच बंद होतात. बरं, साखर मिळाली तरी ती घालू नये अशीच असते. साधी साखर पूर्णपणे आंबते, मागे काही ठेवत नाही, त्यामुळे बिअर पातळ आणि कोरडी लागते. तिच्या जागी सुक्या माल्टची किलोभर पूड घातली की अंग येतं, फेस टिकतो. ही पूड त्याच दुकानात, त्याच फळीवर असते. खोक्यावर तिचा उल्लेख नसतो, कारण ती धरून किंमत सांगितली तर संच स्वस्त वाटणार नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असेल तर तसं आधी सांगावं. आम्ही मसाला घेऊ की.

डब्यातला अर्क काकवीसारखा दाट असतो. तो ओतण्याआधी डबा पंधरा मिनिटं गरम पाण्यात बुडवून ठेवायचा असतो. तेवढ्यात कागदी लेबल सुटून सिंकच्या जाळीत अडकतं. उरलेला अर्क तळाला चिकटून राहतो, तो काढायला डब्यात उकळतं पाणी ओतावं लागतं, आणि मग तो पत्र्याचा डबा हातात धरवत नाही. कापलेली कड धारदार असते ती वेगळीच. प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्क भरणारे काही संच आता मिळतात. ते सगळ्यांनी का करू नये, हे मला कोणी समजावून सांगावं.

आता यीस्ट. सगळ्यात लहान वस्तू, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार. प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, पत्र्यावर आडवी टाकलेली ती पुडी पाच-सात ग्रॅमची असते. नुसतं यीस्ट विकणारे उत्पादक त्याच 23 लिटरसाठी अकरा-साडेअकरा ग्रॅमची पुडी देतात. पुडीवर बहुधा नाव नसतं. जात कोणती, कोणत्या तापमानाला खुश असते, काही नाही. कित्येकदा तारीखही नसते किंवा असली तर कोडमध्ये. डब्यातला अर्क वर्ष-दोन वर्षं टिकतो म्हणून तो गोदामात, ट्रकमध्ये, दुकानाच्या उन्हातल्या काचेमागे पडून राहतो, आणि त्याच्या डोक्यावर ही जिवंत वस्तू तेवढाच काळ तशीच तापत राहते. यीस्टला थंडावा लागतो. दुकानदार सुटी पुडी फ्रीजमध्ये ठेवतात, ते उगाच नाही. तापून अर्धमेल्या झालेल्या यीस्टचं काम संथ सुरू होतं, तेवढ्या वेळात दुसरेच जंतू बादलीत हातपाय पसरतात, आणि मग घरच्या बिअरला ‘तो’ वास येतो म्हणून पाहुणे पेला खाली ठेवतात. दोष बनवणाऱ्याच्या माथी येतो. त्याने बिचाऱ्याने सांगितलं तेवढं सगळं केलेलं असतं.

त्या वासाला पाण्याचीही साथ असते. इथल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, आंबताना त्यातून दवाखान्यासारखा वास तयार होतो. सोडियम मेटाबायसल्फाइटची, म्हणजे कॅम्पडेनची, अर्धी गोळी चुरून टाकली की पूर्ण बादलीचं पाणी काही मिनिटांत निर्धोक होतं. ही गोळी काही पेनींची असते. खोक्यात मात्र ती नसते, आणि कागदावर तिचा शब्दही नसतो.

तापमानाचं तर विचारूच नका. कागदावर अनेकदा 20 ते 27 अंश असं लिहिलेलं असतं. 27 अंशांना यीस्ट झपाट्याने काम करतं हे खरं, म्हणूनच ते लिहिलेलं असतं. चौदा दिवसांचं गणित तसंच जुळतं. पण त्या उष्णतेत केळ्याचा, नेलपॉलिशचा वास उतरतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. साध्या एलला 18 ते 20 अंश मानवतात. शिवाय आंबताना बादली स्वतःच तापते, खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी वर जाते. आमच्या डर्बीत नोव्हेंबरात रात्री हीटिंग बंद झालं की खोली 15 अंशांवर येते, म्हणून जुनेजाणते सांगतात की गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेव, टॉवेलांच्या बाजूला. तिथे दुपारी 26 आणि पहाटे 17. यीस्टला हे चढउतार सोसत नाहीत. बादली मोठ्या टबात पाण्यात ठेवावी आणि त्या पाण्यात मत्स्यटाकीचा लहान हीटर सोडावा, हा इथल्या अनुभवी मंडळींचा तोडगा आहे, आणि तो उत्तम चालतो. दोन ओळींत छापता येईल इतका सोपा आहे.

‘बुडबुडे थांबले की बाटल्यांत भरा’, हे वाक्य तर कागदावरून कायमचं काढून टाकायला हवं. झाकण जरा सैल बसलं तर झाकणावरच्या एअरलॉकमधून एकही बुडबुडा येत नाही आणि आत आंबणं जोरात चालू असतं. खोली गार झाली तर बुडबुडे थांबतात, यीस्ट नुसतं झोपलेलं असतं. अशा वेळी बाटली भरून वर साखर घातली, बूच मारलं आणि मग खोली तापली, तर काचेची बाटली फुटते. फुटलेल्या काचा कपाटाच्या लाकडात रुतलेल्या मी पाहिल्या आहेत. तिथे त्या वेळी कोणाचा चेहरा नव्हता, एवढंच. आंबणं संपलं हे रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर सांगतो. सुरुवातीला 1.040 च्या आसपास असलेला आकडा 1.010 च्या खाली-वर येऊन लागोपाठ दोन-तीन दिवस तिथेच राहिला, की भरावं. हायड्रोमीटर दहा पौंडांच्या आत मिळतो. तो ‘असल्यास वापरा’ अशी सूचना असते. ‘असल्यास’ नाही, असलाच पाहिजे.

आणि बाटल्या. कागदावर त्यांच्या वाट्याला एक ओळ असते: स्वच्छ बाटल्यांत भरा. चाळीस पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरच्या पंचेचाळीस बाटल्या. त्या आधी जमवायच्या. तपकिरीच हव्यात, कारण पांढऱ्या आणि हिरव्या काचेतून उजेड आत गेला की हॉप्समधली द्रव्यं नासतात. मग लेबलं. काही लेबलं धुण्याच्या सोड्यात अर्ध्या तासात आपोआप तरंगून वर येतात. काहींचा कागद निघतो आणि डिंक राहतो, तो बोटाने घासला की वळ्या होतात, तारेच्या घासणीने घासला की घासणी बाद होते. मग आतून ब्रश. बाटली उजेडात धरायची, तळाशी जुन्या यीस्टचं करडं वर्तुळ दिसलं की पुन्हा ब्रश. मग निर्जंतुक करणारं द्रावण, मग उलट्या टांगून निथळायच्या, मग प्रत्येकीत मोजून अर्धा चमचा साखर, मग तोटीला नळी लावून तळापासून फेस न करता भरायच्या, मग हातयंत्राने पत्र्याची बुचं दाबायची. दोन माणसांची अख्खी संध्याकाळ जाते. ही संध्याकाळ चौदा दिवसांत धरलेली नसते. ती त्रासाची असते असंही माझं म्हणणं नाही. गप्पा मारत होते ती. पण आधी माहीत असेल तर माणूस मित्राला बोलावून ठेवतो, रात्री अकरा वाजता एकटा सिंकपाशी उभा राहत नाही.

आता ते चौदा दिवस. बादलीत दोन आठवडे तरी राहू द्यावं. बाटलीत वायू भरायला उबेत आणखी दोन. नंतर गार जागी निदान दोन, म्हणजे यीस्ट खाली बसतं, साका घट्ट होतो, कच्चेपणा जातो. दीड महिना झाला. चौदाव्या दिवशी उघडलेली बिअर गढूळ असते, तिला ओल्या पावाचा वास येतो, आणि तीच बाटली सहाव्या आठवड्यात कोणी ओळखणार नाही इतकी सुधारलेली असते. म्हणजे पहिल्याच खेपेला माणसाला तिचं सगळ्यात वाईट रूप चाखायला लावायचं, आणि मग छंद का टिकत नाही म्हणून विचारायचं.

यात मला खरोखर लागतं ते इंडिया पेल एलच्या खोक्यावर तेच ‘चौदा दिवस’ वाचताना. बर्टन अपॉन ट्रेंट आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. तिथल्या पाण्यात जिप्सम उतरलेलं आहे, आणि 1820 च्या दशकात ऑलसॉप या ब्रुअरीने तिथून हिंदुस्थानासाठी फिकट, कडवट एल पाठवायला सुरुवात केली. त्याआधी लंडनच्या हॉजसनच्या ब्रुअरीची बिअर जात असे. बिअरची पिंपं शिडाच्या जहाजांतून केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या बंदराला लागत. या बिअरची ख्याती तिच्या धीरावर उभी आहे. खोक्यावर जहाजाचं चित्र छापायचं आणि खाली दोन आठवड्यांची मुदत द्यायची, हा त्या बिअरचा अपमान आहे.

पुण्याहून येणारे मित्र हे डबे बघून हरखतात आणि एक बॅगेत टाकून न्यावा म्हणतात. त्यांना मी नेऊ देत नाही. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. त्यांना ताजी बिअर हवी तर पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली, आणि त्यानंतर इतर कितीतरी ब्रुअरी निघाल्या आहेत.

डबे बनवणाऱ्यांकडे माझं मागणं थोडकं आहे. यीस्टची पुडी अकरा ग्रॅमची द्या आणि तिच्यावर जातीचं नाव व वाचता येईल अशी तारीख छापा. साखर किंवा माल्टची पूड लागते हे पुढच्या बाजूला, पाण्याच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत लिहा. कॅम्पडेनची एक गोळी आत टाका. तापमान 18 ते 20 लिहा. ‘चौदा दिवस’ खोडून ‘सहा आठवडे’ करा. ‘उकळायची गरज नाही’ हे राहू द्या, ते खरं आहे आणि विक्रीला तेवढं पुरेल.

तोवर, इंग्लंडात किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या कोणी पहिला डबा आणला असेल, तर झाकणाखालची पुडी बाजूला ठेवा, दुकानातल्या फ्रीजमधलं यीस्ट घ्या, हायड्रोमीटर घ्या, आणि सूचनांचा कागद न वाचता पुठ्ठ्यांबरोबर रद्दीत द्या.