पिंगराव

झाशी छावणीत सदर बाजाराच्या मागच्या गल्ल्यांतून संध्याकाळी सातनंतर चक्कर मारा. एखाद्या खिडकीच्या गजाला पिशवीत घालून मोबाइल टांगलेला दिसला, की समजा, आत पिंगराव बसले आहेत. मोबाइल आईचा, लॅपटॉप वडिलांच्या पैशाचा, आरडाओरडा तेवढा स्वतःचा. वय एकोणीस ते चोवीसच्या दरम्यान. कागदोपत्री उद्योग: स्पर्धा परीक्षेची तयारी. घरात ब्रॉडबँड नाही, कारण 'ते आलं की हा पुस्तक उघडायचा नाही' असं वडिलांचं मत. पुस्तक असंही उघडत नाही, हा भाग वेगळा.

नेवाळकरांच्या राज्यापासून इथे मराठी घरं आहेत. त्यामुळे पिंगराव एका दमात दोन भाषा बोलतात. दाराकडे तोंड करून "आई, पानं नको घेऊ गं एवढ्यात", आणि हेडफोनमध्ये "भाई, पीछे देख, पीछे!" आजी पलंगावरून ऐकत असते. ती म्हणते, "गंगाधरराव महाराजांनासुद्धा नाटकाचा नाद होता. पण ते चार लोकांना बोलावून दाखवायचे तरी. हा मेला दार लावून करतो."

पिंगरावांचा सगळा जीव एका आकड्यात. ऑनलाइन खेळाच्या पडद्यावर कोपऱ्यात तो दिसतो: इथून निघालेला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले. हाच तो पिंग. त्यांच्या व्हॅलोरंट या खेळाचा सर्व्हर मुंबईत आहे. पंजाब मेलने झाशीहून मुंबई गाठायची तर अख्खी रात्र नि वर दिवसातला बराचसा वेळ जातो. पिंगरावांचा निरोप मुंबईला शिवून 70-80 मिलिसेकंदांत परत येतो, आणि तरी त्यांच्या कपाळाला आठ्या. आकडा 200 वर गेला की मात्र खरंच पंचाईत होते: शत्रू दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे, आणि आपण भिंतीआड पोचल्यावर मेलेले असतो.

घरच्यांची समजूत अशी, की हा सगळा डेटा खातो. इथे मात्र मी पिंगरावांच्या बाजूने आहे. खेळ फार खात नाही. खातात ते अपडेट. फोनच्या हॉटस्पॉटवरून लॅपटॉपला वाय-फाय मिळालं की विंडोज गुपचूप डाउनलोड सुरू करतं, आणि इकडे आईच्या फोनमधले फोटोही क्लाउडवर चढत असतात. नळाला चार बादल्या एकदम लावल्यासारखं होतं, आणि गोळी बिचारी रांगेत उभी राहते. म्हणून सात वाजले की पिंगराव आधी ही सगळी दारं बंद करतात. धाकट्या बहिणीचं रीळ बघणं त्यातच बंद पडतं, त्यावरून रोज रडारड.

मग फोनची जागा. छावणीतल्या जुन्या घरांच्या भिंती हातभर जाड. 5 गिगाहर्ट्‌झचा हॉटस्पॉट वेगवान, पण असली भिंत आली की मान टाकतो. 2.4 वाला भिंत ओलांडतो, पण त्या पट्ट्यात शेजाऱ्यांची वाय-फाय आणि पिंगरावांचेच ब्लूटूथ हेडफोन गर्दी करून असतात. फोन आत आणावा तर टॉवरचे दांडे कमी होतात, खिडकीत ठेवावा तर उन्हाळ्याची झळ. मे महिन्यात झाशीचा पारा पंचेचाळीसला टेकतो. तापलेला फोन स्वतःहून मंदावतो, आणि चार्जिंगला लावून हॉटस्पॉट चालवला तर आणखीनच तापतो. तेव्हा उन्हाळ्यात पिंगराव फोनचं कव्हर काढतात, पिन उपसतात आणि तो कुलरच्या तोंडाशी स्टीलच्या ताटलीत उभा करतात. कुलरचे तुषार उडू नयेत म्हणून पुढे आजीचा पंचांगाचा पुठ्ठा. आईला स्वतःच्या फोनला हात लावायचा तर आधी विचारावं लागतं.

या बंदोबस्ताला एकच शत्रू पुरून उरतो: नागपूरची मावशी. फोनमध्ये दोन सिम. डेटा एकावर, मावशी दुसऱ्यावर. दुसऱ्या सिमवर बोलणं सुरू झालं की बऱ्याच फोनांत पहिल्याचा डेटा थांबतो. मावशी भाचीच्या लग्नाच्या साड्यांवर आली की पिंगराव मैदानात पुतळ्यासारखे उभे, आणि कोणीही यावं, गोळी घालून जावं.

मागच्या दिवाळीत पुण्याचा मामेभाऊ आला होता. त्याने काही न बोलता चार्जिंगची केबल फोनमधून लॅपटॉपला जोडली आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं. हवेतला वाय-फायचा टप्पाच गेला. भिंत, शेजारी, ब्लूटूथ, सगळ्यांशी संबंध तुटला. टॉवरवर संध्याकाळची गर्दी असते तेवढी राहिली, पण पिंगची उड्या मारायची खोड गेली. आकडा 65 वर बसला तो बसलाच.

त्या रात्री पिंगराव सलग हरले. पहिल्यांदाच कोणाला काही बोलायला जागा नव्हती. समोरचा मेरठचा पोरगा यांच्यापेक्षा चांगला खेळत होता, एवढंच. मामेभाऊ गाडीत बसला, आणि दुसऱ्याच दिवशी केबल टेबलाच्या खणात गेली. "केबलने पोर्ट ढिला होतो" असं कारण सांगण्यात आलं. फोन पुन्हा गजाला टांगला गेला. आता हरले की म्हणायला पिंग आहे, मावशी आहे, कुलर आहे, झाशीचा उन्हाळा आहे.

माझं मत विचाराल तर पिंगरावांना चांगलं कनेक्शन नकोच आहे. तेव्हा नागपूरच्या मावशीबाई, तुम्ही संकोच करू नका. सात ते दहाच्या मध्ये खुशाल फोन करा. तुमच्यामुळे पोराची अब्रू शाबूत राहते.