घरचा खेळाडू परका होतो तेव्हा

घरचा खेळाडू दुसऱ्या संघात गेला की चाहत्याचे दुःख ठराविक क्रमाने चालते. आधी तो 'फितूर' ठरतो, मग 'त्याच्यात तसाही दम राहिला नव्हता', आणि तिकडे त्याने शतक ठोकले की 'आमचाच पोरगा'.

करुण नायरचे प्रकरण याचा चांगला नमुना आहे. 2016 मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद 303 धावा करणाऱ्या या फलंदाजाला पुढे कर्नाटकाच्या संघातही जागा उरली नाही. 2023 मध्ये तो विदर्भाकडे गेला. ज्यांनी दार दाखवले, त्यांनाच तो उंबरठा ओलांडून गेल्याचे सर्वांत जास्त लागले. 2024-25 च्या विजय हजारे करंडकात त्याने पाच शतकांसह 779 धावा केल्या. अंतिम सामना नेमका कर्नाटकाशी पडला आणि कर्नाटकाने तो 36 धावांनी जिंकला. पुढे रणजीच्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध त्याने 86 आणि 135 धावा काढल्या, आणि करंडक विदर्भाने जिंकला.

आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्यासारख्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या गावात मात्र हा शोक करायला जरा अडचण होते. घरात मराठी, जमिनीच्या कागदावर सातबाऱ्याऐवजी पहाणी, बेंगळुरूपेक्षा सोलापूर जवळ. खेळाडू कर्नाटकातून महाराष्ट्रातल्या संघात गेला, तर तो गेला म्हणायचे की आला? इथला चाहता दोन्ही बाजूंनी हळहळू शकतो आणि दोन्ही बाजूंनी पेढे मागू शकतो. ही सोय बेंगळुरूकरांना नाही.

2025-26 च्या हंगामासाठी नायर कर्नाटकाकडे परतला. 'फितूर' हा शब्द तेव्हा कोणीही परत घेतला नाही. तो पुढच्या खेळाडूसाठी राखून ठेवला आहे.