पालीहून अवकाशात : इच्छुकांसाठी सूचना

आधी पात्रता पाहू. अर्जदार पालीचा, निदान राजगडाच्या घेऱ्यातला असावा. पुण्याच्या माणसाला शोधाची तहान लागली की तो नसरापूर, मार्गासनी, साखर, वाजेघर असं करत आपल्या दारात येतो आणि सोमवारी बरा होतो. आपलं तसं नाही. राजमार्ग आपल्या गोठ्यामागूनच चढतो. पाली दरवाजा हत्ती आत जाईल एवढा, वाटेला खोदीव पायऱ्या. पण त्याच वाटेने चुकार गाय हुडकायला जाणाऱ्याला कुणी संशोधक म्हणत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा किल्ल्यांच्या यादीत राजगड घेतला, तालुक्याचंही नाव वेल्ह्याचं राजगड झालं. एवढ्या सरकारी शिक्क्यांनंतर इथे सापडायचं काय राहिलं? म्हणून अर्जदाराने वर पाहावं आणि अवकाशाचा गेम निवडावा.

साहित्य : बऱ्यापैकी ग्राफिक कार्डाचा लॅपटॉप, माउस, इन्व्हर्टर, आणि “काय करतोयस?” हा प्रश्न एकदाच विचारणारं घरचं माणूस. यातली शेवटची गोष्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही.

गेम निवडताना नवशिका पहिला प्रश्न विचारतो तो “ग्रह किती?” हा. ही वृत्ती जुनी आहे. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन इंग्रज विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या संगणकासाठी ‘एलिट’ लिहिला. त्या संगणकाची स्मृती ३२ किलोबाइट. आज घरच्या ग्रुपवर सकाळी येणारं गुलाबाचं चित्रसुद्धा तेवढ्यात मावणार नाही. तरी त्यात आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ तारे होते. युक्ती अशी की तारे साठवलेलेच नव्हते. एक आकडा बीज म्हणून घ्यायचा, त्यावर ठरलेलं गणित चालवायचं, आणि तुम्ही जाल तिथला तारा त्या क्षणी तयार करायचा. बीज तेच, तर तारा तोच. दीर्घिका खरं तर कोट्यवधी करता आल्या असत्या. इतक्या दिल्या तर खेळणाऱ्याला गणित कळून येईल, म्हणून प्रकाशकांनी आठांवर थांबवलं. प्रकाशकाने लेखकाचं भलं केल्याची अशी उदाहरणं विरळा.

पुढे हा संयम सुटला. २०१६ मध्ये हॅलो गेम्स या इंग्लंडमधल्या लहानशा कंपनीने ‘नो मॅन्स स्काय’ आणला. त्यात ग्रह १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. सेकंदाला एक ग्रह पाहिला तरी सगळे संपायला सुमारे ५८,००० कोटी वर्षं लागतील, आणि विश्वाचं आजचं वय १,३८० कोटींच्या आसपास. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एका ग्रहावर, एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. कारण तशी सोयच तेव्हा नव्हती. (पावसाळ्यातल्या रविवारी राजगडाच्या पद्मावती माचीवर ही अडचण येत नाही.) नंतर कंपनीने वर्षानुवर्षं फुकट सुधारणा देऊन गेम खरोखरच सावरला, आता माणसं भेटतात, घरं बांधतात, ग्रहांना नावं देतात.

पण इथे पाली कसोटी लावावी. गडाच्या संजीवनी माचीवर नवखा माणूस गेला की दुहेरी तट आणि त्यांच्यामधली बोळकांडी जागा पाहून त्याच्या तोंडून आपोआप येतं : “हे असं का केलं असेल?” मग तो आत उतरतो, वाकून पाहतो, खालची वाट कुठून दिसते ते ताडतो, आणि बाहेरचा तट पडला तरी आतला कसा लढेल हे त्याला उमगतं. शोध म्हणतात तो हा. गेममधल्या ग्रहावर उतरल्यावर “का?” हा प्रश्न सुचतो का, आणि सुचला तर त्याला उत्तर आहे का, एवढंच पाहायचं. जांभळं गवत, सहा पायांचं हरीण, हिरवं आकाश. का? आकडा तसा पडला म्हणून. चाळीस ग्रहांनंतर हे उत्तर पुरेनासं होतं. ‘स्टारफील्ड’चे हजारावर ग्रह याच कसोटीवर दमतात, म्हणून त्यावर जागा घालवत नाही.

ज्याला आपलं नाव कोरायचीच हौस आहे, त्याच्यासाठी ‘एलिट डेंजरस’ (२०१४) राखून ठेवावा. त्यात आपली आकाशगंगाच पूर्ण मापात आहे, सुमारे ४०,००० कोटी तारामंडळं, आणि इतक्या वर्षांत लाखो खेळाडूंनी मिळून त्यातली एक टक्कादेखील पाहिलेली नाहीत. पहिल्यांदा कुणी पोचलं की त्याचं नाव तिथे कायमचं लागतं. बालेकिल्ल्याच्या दगडावर बदाम काढून जोडीची नावं लिहिणाऱ्यांना हा गेम सरकारने मोफत वाटावा, अशी माझी नम्र सूचना आहे. सूर्यापासून दूरचं टोक, बीगल पॉइंट, ६५,००० प्रकाशवर्षांवर. जायला यायला कित्येक आठवडे. इंधन ताऱ्यांजवळून ओढून घ्यावं लागतं, तेही सगळेच तारे देत नाहीत. के, जी, बी, एफ, ओ, ए, एम या वर्गांचेच देतात, आणि हे पाठ नसेल तर माणूस अधांतरी अडकतो. अडकलाच तर ‘फ्युएल रॅट्स’ नावाची स्वयंसेवक खेळाडूंची टोळी आहे. हाक मारली की कुणीतरी अनोळखी माणूस इंधन घेऊन येतो, एक पै घेत नाही. आणखी एक : पाहिलेलं सगळं स्थानकावर येऊन नोंदवेपर्यंत तुमचं नाही. परतीत जहाज फुटलं की सगळी माहिती गेली. चढणं निम्मंच काम असतं, हे गडाखालच्या माणसाला वेगळं शिकवायला नको.

ज्याला आकाशाशी झटापट करायची आहे त्याने ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ घ्यावा. मेक्सिकोतल्या स्क्वाड या कंपनीने तो २०११ मध्ये लोकांपुढे आणला, पूर्ण आवृत्ती २०१५ ची. रॉकेट तुम्हीच जोडायचं, उडवायचं, आणि बहुधा पाडायचंही. पहिल्या आठवड्यात घरातला संवाद असा असतो :

“पडलं का रं?”

“पडलं, आज्जे.”

“मग जेवून घे.”

सरळ वर गेलं की कक्षा मिळते हा समज इथे मोडतो. वर जाणं सोपं; आडवा वेग इतका हवा की खाली पडतानाही जमीन चुकत राहावी. कर्बिन या तिथल्या ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाची, ६०० किलोमीटर, तरीही सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास वेगाची पुंजी त्यासाठी लागते. ती कमी पडली तर? इस्रोने ५ नोव्हेंबर २०१३ ला मंगळयान सोडलं तेव्हा पीएसएलव्हीच्या अंगात ते थेट मंगळाकडे भिरकावण्याचा जोर नव्हता. म्हणून यान पृथ्वीभोवतीच फिरत ठेवलं, आणि ते पृथ्वीच्या जवळून सर्वांत वेगाने जाताना थोडं थोडं इंजिन पेटवून कक्षा लांबवत नेली. वेग जास्त असताना जाळलेलं इंधन जास्त कामी येतं. २४ सप्टेंबर २०१४ ला यान मंगळापाशी होतं. ही सगळी खटपट कर्बलमध्ये हाताने करून पाहता येते, आणि ती जमली त्या रात्री अर्जदार कुणालाही झोपेतून उठवून सांगतो. कुणाला उठवायचं ते आधी ठरवून ठेवावं. इथल्या प्रत्येक “का?”ला भौतिकशास्त्राचं उत्तर आहे, म्हणून हा गेम कसोटीला उतरतो.

मधल्या काळात लाइट जाईल. त्या वेळी अंगणातलं आकाश वापरावं. त्याची ग्राफिक्स उत्तम, लोडिंग नाही, पण जून ते सप्टेंबर ते बंद असतं आणि जवळ जाऊन पाहायची सोय नाही. जवळूनच पाहायचं असेल तर १९४४ पासून पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. तिथे दुर्बीण दाखवतात आणि रॉकेट पाडल्याबद्दल कुणी विचारत नाही.

आता माझी खरी शिफारस : ‘आउटर वाइल्ड्स’, २०१९. ॲलेक्स बीचमने कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात शिकताना प्रबंध म्हणून सुरू केलेला हा गेम. पुढे त्याने बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार घेतला. ग्रह हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. एक पोटातल्या कृष्णविवरात तुकड्या तुकड्याने ढासळतोय, दोन जुळ्यांतला एक दुसऱ्यावर वाळू ओततोय. आणि २२ मिनिटांनी सूर्य फुटतो; सगळे मरतात, तुम्ही पुन्हा शेकोटीपाशी जागे होता. मागच्या खेपेचं काहीच उरत नाही. नवं हत्यार नाही, मोठं जहाज नाही, पैसा नाही; उरतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. ज्या दारापाशी पहिल्या खेपेला माघारी फिरलात ते पहिल्यापासून उघडता येत होतं, तुम्हालाच ठाऊक नव्हतं. गुंजवण्याहून येणारा पाहुणा चोर दरवाजासमोर दम खात “वाट कुठंय?” विचारतो आणि पालीचा पोर न थांबता आत शिरतो, त्या दोघांच्या पायांत फरक नसतो. याहून जास्त सांगणं म्हणजे अर्जदाराचं नुकसान. या गेमबद्दल कुणी गप्पा काढल्या तर उठून गोठ्यात जावं.

राहिला खर्च. ‘स्टार सिटिझन’ला २०१२ पासून लोक पैसे देत आहेत आणि पूर्ण गेम अजून यायचा आहे, त्या भिशीत पडू नये. बाकीचे गेम सेलमध्ये घ्यावेत. स्टीमचा उन्हाळी सेल जूनअखेरीस लागतो, नेमका भातलावणीच्या तोंडावर. खरेदी तेव्हाच करावी, डाउनलोड रात्री लावून ठेवावं आणि सकाळी निमूटपणे चिखलात उतरावं. लावणी आटपेपर्यंत ग्रह-तारे कुठे पळून जात नाहीत. आउटर वाइल्ड्समधले जातात, पण तेही दर २२ मिनिटांनी परत येतात.