रोमचं बिल, भोकरदनचा माल

युरोपातली शिकलीसवरलेली माणसंही बारशाच्या वेळेला भांडतात, हे ऐकून आपल्याकडच्या समित्यांना धीर येईल. २००३ साली युरोपीय संघाची राज्यघटना लिहिणं चाललं होतं. मतांच्या वाटपावरून वाद झालेच, पण खरी मजा प्रास्ताविकात. आपली संस्कृती आली कुठून, हे दोन ओळींत लिहायचं होतं. सुरुवातीच्या मसुद्यात ग्रीस होतं, रोम होतं, ज्ञानोदयकाळातले तत्त्वज्ञ होते. ख्रिस्ती धर्माचा पत्ता नव्हता. पोप जॉन पॉल दुसरे नाराज झाले. पोलंड आणि इटलीनं त्यांची बाजू लावून धरली. फ्रान्स म्हणालं, देवाधर्माला सरकारी कागदावर जागा नाही.

मग तोड निघाली. ख्रिस्ताला घेतलं नाही, पण ग्रीस-रोमलाही काढून टाकलं. मसुद्याच्या माथ्यावर थुसिडिडीजचं ग्रीक वचन होतं, तेही पुसलं. उरला 'सांस्कृतिक, धार्मिक आणि मानवतावादी' वारसा. लग्नपत्रिकेत आधी आत्या की आधी मामा यावरून रुसवेफुगवे व्हावेत आणि शेवटी 'समस्त आप्तेष्ट' छापून मोकळं व्हावं, तसा हा प्रकार. सह्या झाल्या २९ ऑक्टोबर २००४ ला, त्याही रोममध्येच. पुढच्याच वर्षी फ्रान्स आणि नेदरलँडच्या मतदारांनी घटना फेटाळली. म्हणजे पत्रिका छापून झाल्यावर नवरीच नाही म्हणाली.

भांडण मात्र संपलेलं नाही. पाश्चात्त्य संस्कृतीचं मूळ बायबलात की ग्रीक-रोमन ग्रंथांत, यावर तिकडे अजून जाडजूड पुस्तकं निघतात. जालना जिल्ह्याचं मत कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. दोन्ही पक्षांचे साक्षीदार आमच्याकडे आहेत, आणि दोघांची साक्ष ज्याच्या त्याच्या वकिलाला गोत्यात आणणारी आहे.

आधी धर्माची बाजू घेऊ. जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. नाव बायबलातलं. वसवली नारायण शेषाद्री यांनी. ब्राह्मण घरातला हा तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत शिकला आणि १८४३ मध्ये ख्रिस्ती झाला. धाकटा भाऊ श्रीपत त्याच वाटेवर होता, पण प्रकरण कोर्टात गेलं आणि पोरगं बापाच्या ताब्यात आलं. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर सनातनी मुंबई त्यांच्यावरच उलटली. एक भाऊ धर्मानं नेला, दुसऱ्याला परत घ्यायला धर्म तयार होईना.

नारायणराव पुढे जालन्यात आले. तेव्हा इथं निजामाचं राज्य. दिवाण सालारजंग यांच्या मेहेरबानीनं जमीन मिळाली आणि बेथेल उभं राहिलं. आता नीट बघा. मिशन स्कॉटलंडचं, गावाचं नाव हिब्रू, धर्मोपदेशक जन्मानं ब्राह्मण, मंडळीत भरणा मांग समाजाचा, जमीन मुसलमान दिवाणाची आणि प्रार्थना मराठीत. यात 'पाश्चात्त्य' काय ते शोधायला भिंग लागेल. १८७३ मध्ये हेच शेषाद्री न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला गेले. जालन्याचा माणूस अमेरिकेत जाऊन ख्रिस्ताबद्दल बोलून आला आणि इकडे ख्रिस्ती धर्म गोऱ्यांचा म्हणून आपण शपथा घेत बसलो. मुळात जेरुसलेम आशियात. अथेन्सचा आणि जेरुसलेमचा संबंधच काय, असं विचारून या वादाला तोंड फोडणारा तर्तुलियन राहायचा कार्थेजला, म्हणजे आफ्रिकेत. तिकडे ग्रीकवाल्यांचा ॲरिस्टॉटलही काही अंशी बगदाद, कोर्दोबा, तोलेदो असा अरबीतून फिरून लॅटिनमध्ये पोचला. दोन्ही पक्षांचे कागद बाहेरगावचे.

मधे एक साक्षीदार असईचा. भोकरदन तालुक्यातलं हे गाव. २३ सप्टेंबर १८०३ ला इथं आर्थर वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. पुढे तो मोठा ड्यूक झाला, वॉटर्लूही जिंकली, तरी लढाई म्हणून असईच त्याला सरस वाटायची. पण शिंद्यांची कवायती पलटण कोण चालवत होतं? पोलमन, हॅनोवरचा जर्मन. म्हणजे त्या दिवशी पाश्चात्त्य संस्कृती दोन्हीकडून लढत होती आणि दोन्हीकडून पगार घेत होती. मेलेल्यांत मात्र इथल्या मातीतले फार.

आता ग्रीस-रोमचा साक्षीदार. हा माझा लाडका, कारण ही बाई आहे आणि गेली ती परत आली नाही.

केळणा नदीच्या काठचं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. पैठणहून भडोचकडे माल जायचा त्या काळातलं गाव. पैठण भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, असं एका ग्रीक व्यापारी वहीत लिहून ठेवलंय. गावाला पैसा होता. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान दिलेल्यांची नावं कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. १९७३ मध्ये इथली पांढर खणली, तेव्हा सातवाहनकाळची हस्तिदंती कामं निघाली. त्यांतल्या एका बाईच्या आकृतीनं अभ्यासकांना थेट इटलीची आठवण झाली. पाँपेईत १९३८ साली एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती बाई सापडली होती. उंची सुमारे २५ सेंटिमीटर, अंगभर दागिने, कपडे जवळजवळ नाहीतच, शेजारी दोन दासी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला, त्या राखेत ती गाडली गेली होती. ती भोकरदनकडच्या कारागिरांचीच, असं काही अभ्यासक म्हणतात. बैठकीखाली खरोष्ठी अक्षर आहे म्हणून दुसरे वायव्येकडे बोट दाखवतात. सातबारा अजून निघालेला नाही.

तिला आज कुठं ठेवलंय माहीत आहे? नेपल्सच्या संग्रहालयात, 'गुप्त दालनात'. पाँपेईत उकरताना रोमनांच्या घराघरांतून जी चित्रं आणि शिल्पं निघाली, ती बघून सोज्वळ मंडळींना घाम फुटला. मग ती वेगळ्या खोलीत कोंडली. बायकामुलांना आत यायची बंदी होती. सर्वांसाठी दार नीट उघडलं ते २००० साली. म्हणजे ज्या रोमला पूर्वज म्हणून मिरवायचं, त्याच रोमचा अर्धा संसार पाहुण्यांपासून कुलपात ठेवायचा. धर्म की ग्रीस-रोम या वादाचा निकाल बघायचा असेल तर प्रास्ताविक वाचू नका, त्या खोलीच्या चाव्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं कुणाकडे होत्या ते विचारा. आपली बाई त्या घराण्याची ना माहेरवाशीण ना सून, आणि बसलीय तिथंच.

इकडे आपण खूश होतो. सापडली कधी, कुणाची, याची चौकशी नंतर. आधी नाव: पाँपेईची लक्ष्मी. बरेच जाणकार तिला यक्षी म्हणतात. पण यक्षी म्हटल्यावर छाती किती फुगणार? लक्ष्मी म्हटलं की मथळा होतो, फॉरवर्ड होतो, वर 'जगाला संस्कृती आपणच दिली' हे पुरवणीत येतं. भोगवर्धनच्या त्याच कमावत्या माणसांनी दान दिलं ते बौद्ध स्तूपांना, हे वाक्य मात्र फॉरवर्ड करताना गळतं. मुळं शोधणारा युरोपात असो की भोकरदनच्या बसस्टँडवर, कुदळ तो आपल्या सोयीच्या जागीच मारतो.

रोमनांमध्ये एक माणूस मात्र रोखठोक होता. थोरला प्लिनी. त्याला मुळाबिळांशी देणंघेणं नव्हतं, त्यानं हिशेब काढला: भारताच्या चैनीच्या मालापायी रोमचे दरसाल पाच कोटी सेस्टर्स जातात. तक्रार लेखी आहे. हाच प्लिनी ७९ साली नौदलाचा अधिकारी म्हणून व्हेसुव्हियसकडे गलबतं घेऊन गेला आणि स्टॅबियाच्या किनाऱ्यावर मेला. थोड्याच अंतरावर पाँपेईत ही हस्तिदंती बाई. फिर्यादी आणि मुद्देमाल एकाच उद्रेकात गेले. फिर्यादीला बिचाऱ्याला एवढंही कळलं नाही की पैसा नेमका कुणाच्या पदरात पडतोय. 'जालना सोने का पालना' हे त्याच्या कानावर गेलं असतं, तर निदान नोटीस कुठं पाठवायची ते तरी ठरलं असतं.