फ्लॉइडकाका

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवणारा एक, गणपतीची वर्गणी काढणारा एक आणि पार्किंगवरून भांडणारे बाकीचे, अशी साधारण वाटणी असते. कोथरूड, डोंबिवली, पार्ल्याच्या हवेत याशिवाय आणखी एक नमुना पिकतो. वय पंचावन्नच्या पुढे, नोकरी बँकेत किंवा विमा कंपनीत, एका गुडघ्याला पट्टा आणि रविवारी सकाळी अंगात काळा टी-शर्ट. टी-शर्टवर त्रिकोण, त्रिकोणात शिरणारी एक पांढरी रेघ आणि पलीकडून बाहेर पडणारे रंगीत पट्टे. हे फ्लॉइडकाका. त्यांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर असतं.

काकांच्या बोलण्यावरून असं वाटतं की या माणसाने आयुष्यभर ढीगभर संगीत ऐकलं असणार. काकांनी एक अल्बम ऐकला आहे. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’. मार्च १९७३. ध्वनिमुद्रण लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत, लांबी सुमारे त्रेचाळीस मिनिटं. तो त्यांनी दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत ऐकला आणि तिथेच कानांची नोकरभरती बंद केली. त्याआधीचं सगळं जागतिक संगीत ही या अल्बमची पूर्वतयारी आणि त्यानंतरचं सगळं म्हणजे उतरती कळा. मधली त्रेचाळीस मिनिटं मानवजात ठीकठाक होती.

काका अल्बम ऐकत नाहीत, ऐकवतात. चहाला म्हणून गेलेला माणूस अर्धा कप संपायच्या आत स्पीकरसमोर बसवला जातो. पंखा बंद. खिडकी बंद. ‘काही बोलायचं नाही, फक्त ऐकायचं,’ अशी ताकीद मिळते आणि मग काका बोलायला लागतात. अल्बमच्या सुरुवातीला हृदयाचे ठोके आहेत. ते इतके हळू सुरू होतात की काही लागलंय की नाही हेच कळत नाही, म्हणून काका आवाज वाढवतात. ‘आला का? नाही? थांब.’ आणखी वाढवतात. मग पुढची काही मिनिटं, बोट वर करून, ‘आता बघ हं... आता... अजून नाही... हां!’ असं करत ते प्रत्येक आवाजाच्या आधी त्या आवाजाची वर्दी देतात.

या वाढवलेल्या आवाजाचा हिशेब चौथ्या गाण्यावर चुकता होतो. त्या गाण्याच्या तोंडाशी डझनभर घड्याळं एकदम ठणाणा करतात. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी ती जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन, चार बाजूंनी येणाऱ्या आवाजाची चाचणी म्हणून टिपली होती. पुण्यात त्यांचा परिणाम वेगळा होतो. दुपारी अडीच वाजता ती घड्याळं वाजली की खालच्या मजल्यावरचे आजोबा दचकून उठतात आणि संध्याकाळची रक्तदाबाची गोळी घेऊन टाकतात. त्यांच्या सूनबाईंनी दोनदा येऊन सांगितलं. काकांनी त्यांनाही आत बोलावून बसवलं.

घरात चांगली सीडी असताना काका बऱ्याचदा फोनवरूनच ऐकवतात, आणि त्याचे पैसे भरणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. त्यामुळे गाणी जिथे एकमेकांत विरघळतात तिथे केसांच्या कलपाची जाहिरात उगवते. काका तोंड फिरवून बसतात. एकदा मात्र पैशावरच्या गाण्याच्या नेमकी आधी म्युच्युअल फंडाची जाहिरात लागली आणि बाजाराच्या जोखमीचा इशारा संपताक्षणी नाण्यांचा खणखणाट सुरू झाला. ‘हे वॉटर्सला आवडलं असतं,’ काका बँडच्या गीतकाराबद्दल म्हणाले. त्या फंडात त्यांनी नंतर पैसेही गुंतवले.

तो खणखणाट हा काकांचा खास विषय. नाणी, फाटणारा कागद, दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र असे आवाज वेगवेगळे टिपून, टेपचे तुकडे पट्टीने मोजून कापले, चिकटवले आणि त्याचं वेटोळं करून फिरवलं. कॉम्प्युटर नाही, काही नाही. सात तुकडे, सात ठोके. आणि अख्खं गाणं सातच्या मोजणीत. ‘सात!’ काका सात बोटं दाखवतात. ‘रॉकमध्ये सगळं चारात चालतं. या लोकांनी सातात बांधलं. आहे हिंमत कोणाची?’

हे त्यांनी एकदा सी विंगमधल्या तबल्याच्या गुरुजींना ऐकवलं. गुरुजींनी डोळे मिटले, मांडीवर दोन आवर्तनं धरली आणि म्हणाले, ‘रूपक.’

‘काय?’

‘रूपक ताल. सात मात्रा. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाची मुलं वाजवतात.’

काका काही क्षण गप्प बसले. तेवढ्यात गिटारचा लांब तुकडा सुरू झाला आणि गाणं सातातून चारात शिरलं. गुरुजींनी डोळे उघडले. ‘हे का सोडलं? दमले?’ त्या दिवसापासून गुरुजी आले की काका तो तुकडा सुरू व्हायच्या आत त्यांच्यापुढे चिवडा ठेवतात.

टी-शर्टवरच्या चित्राचीही एक प्रवेशपरीक्षा असते. हिपग्नोसिस या संस्थेने बँडपुढे बरीच चित्रं ठेवली होती आणि चौघांनी काही मिनिटांत हेच उचललं. जॉर्ज हार्डी यांनी ते रेखाटलं. हे सांगून झालं की काका छाती पुढे काढतात आणि विचारतात, ‘यात काय कमी आहे?’ भलेभले त्या छातीकडे पाहत राहतात. एकदा लिफ्टमध्ये अगदी तोच टी-शर्ट घातलेला, बारावीच्या क्लासला निघालेला मुलगा भेटला. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी विचारलं आणि मुलाने मोबाइलमधून मानही पूर्ण वर न काढता उत्तर दिलं, ‘ता-ना-पि-हि-नि-जा. पा नाहीये. पारवा राहिला. सहाच पट्टे.’

काका गहिवरले. ‘शाब्बास! कितव्या वेळी ऐकल्यावर लक्षात आलं?’

‘ऐकायचं काय यात? काका, हा फिजिक्सचा टी-शर्ट आहे.’

काकांना आपल्या विषयात पास झालेला आणि विषयच न घेतलेला असा विद्यार्थी पहिल्यांदा भेटला होता. आपल्या मजल्यावर उतरायचं विसरून ते त्या मुलाबरोबर परत तळमजल्याला गेले.

बँडमधल्या भांडणाबद्दल काकांशी बोलायचं तर वेळ काढून जावं. रॉजर वॉटर्स यांनी १९८५ मध्ये बँड सोडला, नाव कोणी लावायचं यावरून वकील झाले आणि १९८७ च्या अखेरीस तडजोड झाली. हे सगळं काका गावाकडच्या भाऊबंदकीसारखं सांगतात. शब्द थोरल्याचे, म्हणजे वॉटर्सचे. गिटार आणि गळा धाकट्याचा, म्हणजे डेव्हिड गिल्मोर यांचा. रिक राइट हा मधला गरीब भाऊ, ज्याला कोणी विचारलं नाही, पण विहीर खरी त्याच्या वाट्यातली. निक मेसन सगळ्यांच्या लग्नाला जातो. २०२३ मध्ये वॉटर्सनी वयाच्या ऐंशीव्या वर्षी सगळा अल्बम पुन्हा, जवळजवळ पुटपुटत ध्वनिमुद्रित केला आणि त्यातून गिल्मोरचे गिटारचे तुकडे गाळले. ती बातमी वाचून काका एवढंच म्हणाले, ‘बांध कोरला!’

तरी १८ फेब्रुवारी २००७ ला हेच वॉटर्स वांद्रे-कुर्ला संकुलात आले आणि त्यांनी उत्तरार्धात पूर्ण अल्बम वाजवला, तेव्हा काका तिथे होते. सगळेच फ्लॉइडकाका तिथे होते. महाराष्ट्रभरातून आजवर जेवढ्यांनी आपण तिथे होतो असं सांगितलंय, तेवढे खरोखर आले असते तर मिठी नदीला पाऊस नसताना पूर आला असता. कसं झालं विचारलं तर काका सांगतात, ‘बाजूचा एक माणूस सारखा बोलत होता.’

आता हा अल्बम काकांपर्यंत आला कसा? त्यांच्या वर्गमित्राचा भाऊ बोटीवर होता. त्याने आणलेली तबकडी मित्राच्या घरी होती, त्यामुळे काकांना हवी होती फक्त कॅसेट. कोरी कॅसेट परवडणारी नव्हती. घरात टीडीकेची एक नव्वद मिनिटांची कॅसेट होती. तिच्यावर वडिलांनी टू-इन-वन समोर ठाण मांडून आकाशवाणीवरचं गीतरामायण उतरवून घेतलं होतं. कॅसेटच्या पाठीवरचे ते दोन प्लास्टिकचे चौकोन वडिलांनी मोडलेले नव्हते. मोडले असते तर तिच्यावर दुसरं काही भरताच आलं नसतं आणि महाराष्ट्राला एक फ्लॉइडकाका कमी मिळाला असता.

एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. अल्बम त्रेचाळीसचा. उरलेल्या दोन मिनिटांत बाबूजी तसेच राहिले. त्यामुळे काकांच्या कॅसेटवर चंद्राची काळी बाजू संपते, शेवटचे ठोके विरतात, खट् असा आवाज येतो आणि सुधीर फडके कडव्याच्या मधूनच कुठून तरी गायला लागतात. गंमत म्हणजे मूळ अल्बमच्या काही आवृत्त्यांतही अगदी शेवटी, ठोक्यांच्या मागे, बीटल्सच्या एका गाण्याची वाद्यवृंदावरची धून बारीक ऐकू येते. जगभरचे चाहते कान लावून ती शोधतात. काकांना कान लावावे लागत नाहीत. बाबूजी स्वच्छ येतात.

अल्बम भरला त्या संध्याकाळी वडिलांनी हातपाय धुऊन कॅसेट लावली. आधी धडधड. मग यंत्रांची खडखड, कोणाचं तरी वेड्यासारखं हसणं आणि एक किंकाळी. वडिलांना वाटलं, टेप पुढे सरकली आणि एकदम लंका लागली. खुलासा झाल्यावर त्यांनी मुलाच्या आधी डाव्या आणि मग उजव्या कानाखाली वाजवली. काका या प्रसंगाचा उल्लेख आपला पहिला स्टिरिओ अनुभव असा करतात.

एवढं सोसून ऐकलेल्या त्या गाण्यांतले शब्द त्यांना कळत होते का? छे. मराठी माध्यम. पण गंमत बघा, ही सगळी गाणी लिहिणारे वॉटर्स अल्बम आला तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. एकोणतीस वर्षांच्या माणसाने घड्याळांच्या गाण्यात आयुष्य हातातून निसटल्याची तक्रार केली आणि सोळा वर्षांच्या मुलाला, ज्याच्याकडे अकरावीचे प्रवेश सुरू होईपर्यंत वेळच वेळ होता, ती मनापासून पटली. आता काका सत्तावन्नचे आहेत, गुडघा बोलतो, निवृत्ती तोंडावर आहे. आता त्यांना ते गाणं खऱ्या अर्थाने लागू पडतं. पण त्याच वेळी ते घड्याळांच्या दुकानाची गोष्ट सांगत असतात.

काकू या सगळ्यातून तीस वर्षं स्वयंपाक करत आल्या आहेत. अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ या काळात एकूण ७४१ आठवडे होता, हा आकडा काका पाहुण्यांना सांगतात तेव्हा आतून आवाज येतो, ‘चौदा वर्षांच्या वर. वनवासच की.’ काकूंना त्यातलं एकच गाणं आवडतं, ज्यात क्लेअर टोरी शब्दांशिवाय नुसता गळा मोकळा करून गाते. रविवारचे दुप्पट दर लावून तिला तीस पौंड मिळाले होते. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि आता त्या गाण्याच्या श्रेयात तिचंही नाव लागतं. ‘बत्तीस वर्षं लागली बाईला,’ काकू कणीक तिंबत म्हणतात. ‘या घरात माझं नाव कधी लागणार?’ कुकरची तिसरी शिट्टी झाली की त्या तिची तान बरोब्बर उचलतात. काकांना ती अजून जमलेली नाही.

अल्बमला पन्नास वर्षं झाली तेव्हा नवी, झाडूनपुसून घेतलेली आवृत्ती निघाली. बंगळुरात नोकरी करणाऱ्या मुलीने ती तबकडी टर्नटेबलसकट बाबांना पाठवली. रविवारी बैठक भरली. गुरुजी होते, लिफ्टमधला मुलगा क्लास बुडवून आला होता, खालच्या आजोबांची गोळी आधीच देऊन झाली होती. काकांनी कापडाने तबकडी पुसली, सुई टेकवली आणि काय झालं कोण जाणे, पहिल्यांदाच तोंड मिटून बसले. आवाज इतका स्वच्छ की नाणी सतरंजीवर पडल्यासारखी वाटत होती. गुरुजी रूपक धरून होते. घड्याळं वाजली तेव्हा मुलगा दचकला आणि त्याने फोन खाली ठेवला. शेवटचे ठोके आले, विरले, सुई उचलली गेली.

कोणी बोलेना. काका भुवया आकसून स्पीकरकडे बघत बसले होते. आतून काकू हात पुसत आल्या.

‘संपलं? आणि बाबूजी?’

‘तेच ना,’ काका म्हणाले, ‘मघापासून वाट बघतोय. पन्नास वर्षांनी काढली आणि तीही अर्धवट.’